रेंज आहे, पण कॉल लागत नाही आणि ॲप उघडत नाही: कमी प्रचलित मोबाइल कार्यप्रणालींवर पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणीचे निवारण

सेलफिश ओएस, उबुंटू टच, पोस्टमार्केटओएस यांसारख्या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणाली रोजच्या फोनवर वापरणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी पुढील अनुभव येतो. रेंज पूर्ण दिसते, इंटरनेट सुरळीत चालते, पण नंबर लावला की कॉल क्षणात तुटतो, किंवा ४जीची खूण नाहीशी होऊन फोन बराच वेळ नेटवर्क शोधत राहतो. बाहेरून येणारा कॉल वाजतही नाही; लावणाऱ्याला मात्र फोन बंद असल्याचे ऐकू येते. फोन बंद करून पुन्हा चालू केल्यावर थोडा काळ सगळे ठीक वाटते, आणि पुढच्या अपडेटनंतर किंवा सिमकार्ड बदलल्यावर तीच तक्रार परत उभी राहते. त्यातच बँकेचे किंवा संदेश पाठवण्याचे कालपर्यंत चालणारे एखादे ॲप आज 'हे उपकरण समर्थित नाही' एवढेच सांगून बंद होते.

मदत मागायला गेल्यावर जे घडते, ते मूळ बिघाडापेक्षा अधिक त्रासदायक असते. सेवा कंपनी फोनकडे बोट दाखवते, ॲपचे डेव्हलपर कार्यप्रणालीकडे, आणि कार्यप्रणाली सांभाळणारा मोजक्या लोकांचा गट चिप बनवणाऱ्याकडे. या टोलवाटोलवीत तक्रारीचे घोंगडे महिनोन्‌महिने भिजत पडते. ज्याने फोनची पूर्ण किंमत मोजली आहे आणि जो सेवेचे पैसे वेळेवर भरतो, त्याला अशी वागणूक मिळणे मला अन्यायाचे वाटते. परंतु त्यावर उपाय करायचा असेल, तर कॉल न लागणे आणि ॲप न उघडणे हे दोन पूर्णपणे वेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांना जबाबदार असणारेही वेगळे आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. 'समर्थित नाही' या उत्तरातून समोरच्याचे धोरण कळते, बिघाडाची जागा कळत नाही. ती जागा आपण शोधून, पुराव्यासह योग्य माणसापुढे ठेवली, तर बऱ्याच वेळा काम होते. आणि जिथे होणार नसते, तिथे निदान ते लवकर कळते.

इंटरनेट चालते, मग कॉल का लागत नाही

४जी, म्हणजे एलटीई, हे नेटवर्क केवळ डेटा वाहून नेण्यासाठी आखलेले आहे. २जी आणि ३जीमध्ये आवाजासाठी स्वतंत्र मार्ग राखलेला होता. एलटीईत तो नाही. त्यामुळे ४जीवर असलेल्या फोनला कॉलसाठी दोनच वाटा उरतात. पहिली म्हणजे कॉलपुरते २जी किंवा ३जीवर उतरायचे आणि कॉल संपल्यावर परत ४जीवर यायचे. दुसरी म्हणजे व्होल्टे, ज्यात आवाजाचाही डेटाच होतो. व्होल्टेसाठी फोनला सेवा कंपनीच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ही नोंदणी नेहमीच्या इंटरनेटच्या जोडणीतून होत नाही. तिच्यासाठी वेगळा एपीएन (नेटवर्कशी कोणत्या वाटेने जोडायचे ते फोनला सांगणारी नोंद), सिमकार्डाच्या आधारे वेगळी ओळखतपासणी आणि आवाजासाठी राखीव प्राधान्य असलेली वाहिनी लागते. म्हणूनच इंटरनेट उत्तम चालत असूनही आयएमएसची नोंदणी झालेली नसू शकते, आणि ग्राहकसेवेतील माणसाने 'डेटा चालतो ना, मग नेटवर्कमध्ये दोष नाही' असे म्हटले, तर त्या म्हणण्याला तांत्रिक आधार नसतो.

वारंवार रेंज जाण्याचे कोडेही येथेच सुटते. फोनचा मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, दोनपैकी एका वृत्तीने वागण्यासाठी नेमलेला असतो: डेटाला प्राधान्य देणारा किंवा आवाजाला प्राधान्य देणारा. आवाजाला प्राधान्य देणाऱ्या मोडेमला ४जीवर आयएमएस मिळाले नाही आणि खाली उतरण्याची सोयही दिसली नाही, तर कॉल घेता येईल असे नेटवर्क शोधण्यासाठी तो ४जी स्वतःहून सोडून देतो. जिथे २जी आणि ३जी उरलेलेच नाही, तिथे त्याला काहीच सापडत नाही. मग काही वेळाने तो परत ४जीवर येतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. वापरणाऱ्याला हे 'रेंज येते-जाते' असे दिसते. दोष अँटेनात किंवा टॉवरमध्ये असल्याची शंका घेऊन लोक फोन उघडून पाहतात, तेव्हा खरा दोष न झालेल्या नोंदणीत असतो.

ही अडचण पूर्वी इतकी जाचक नव्हती, कारण खाली उतरायला जुने नेटवर्क शिल्लक होते. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ च्या अखेरपर्यंत आपले ३जी बंद केले. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ३जी संपले आणि त्यासोबत असा नियम आला, की जो फोन आपत्कालीन क्रमांकावर कॉल करू शकत नाही, त्याला सेवा कंपनीने सेवाच देऊ नये. परिणामी डेटासाठी उत्तम चालणारे अनेक फोनही नेटवर्कबाहेर गेले. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये बंद झाले, पण २जी राहिले. त्यामुळे तेथे व्होल्टे नसलेला फोनही २जीवर उतरून कॉल घेऊ शकला. एकाच फोनबद्दल एका देशातील माणूस 'काहीच अडचण नाही' म्हणतो आणि दुसऱ्या देशातील माणूस 'कॉल होतच नाहीत' म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात.

मग या कार्यप्रणालींमध्ये व्होल्टे आधीपासून का नाही? ॲन्ड्रॉइडच्या खुल्या भागात व्होल्टेची चौकट आहे, पण प्रत्यक्ष आयएमएसचे काम करणारा भाग त्यात नाही. तो चिपनिर्माता किंवा फोननिर्माता आपल्याकडून बंदिस्त स्वरूपात जोडतो. ॲन्ड्रॉइडचे ड्रायव्हर वापरून लिनक्स चालवणाऱ्या फोनांत हा बंदिस्त भाग जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, कारण तो ॲन्ड्रॉइडच्या वरच्या थरांवर अवलंबून असतो. काही चिपांमध्ये आयएमएसचे बरेचसे काम मोडेम स्वतःच करतो आणि कार्यप्रणालीने ते केवळ चालू करायचे असते; तिथे यश लवकर मिळते. सेलफिशमध्ये सोनी एक्सपीरिया १० च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीवर व्होल्टे आले. लिनक्ससाठीच बनवलेल्या पाइनफोनमधील क्वेक्टेल ईजी२५-जी हा मोडेम योग्य प्रोफाइल, म्हणजे सेवा कंपनीनुसार तयार केलेला सेटिंगचा संच, निवडल्यास व्होल्टे सांभाळतो. म्हणजे आपल्या कार्यप्रणालीत व्होल्टे आहे का, असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नाही. आपल्याच मॉडेलवर, आपल्याच आवृत्तीवर, आपल्याच सेवा कंपनीसोबत ते चालते का, हेच विचारावे लागते.

दोष कोणाचा, हे ठरवणारी चाचणी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी ही चाचणी करावी, कारण पुढचे सर्व तिच्या निकालावर अवलंबून आहे. तिच्यासाठी व्होल्टे निश्चितपणे चालणारा दुसरा कोणताही प्रचलित फोन आणि दुसऱ्या सेवा कंपनीचे एक सिमकार्ड तात्पुरते लागते.

आपले सिमकार्ड प्रचलित फोनमध्ये घालावे, तो फोन बंद करून चालू करावा आणि कॉल चालू असताना वर ४जीची किंवा व्होल्टेची खूण टिकते का, ते पाहावे. खूण टिकत नसेल, तर दोष बहुधा आपल्या फोनमध्ये नाही. आपल्या क्रमांकावर व्होल्टे सुरू केलेलेच नाही, किंवा सिमकार्ड जुने आहे, आणि हे दोन्ही दुरुस्त करणे सर्वस्वी सेवा कंपनीचे काम आहे. खूण टिकली, तर उलट दिशेने जावे: दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड आपल्या फोनमध्ये घालून तोच कॉल करावा. त्यावर व्होल्टे चालले, तर फोन आणि कार्यप्रणाली दोन्ही सक्षम आहेत हे सिद्ध होते, आणि आपली सेवा कंपनी या मॉडेलला नोंदणी नाकारते आहे किंवा तिच्यासाठीचे प्रोफाइल फोनमध्ये नाही, एवढाच संशय उरतो. दुसऱ्याही सिमकार्डावर चालले नाही, तर अडचण फोनमध्ये आहे असे धरून चालावे आणि सेवा कंपनीशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

यात एक खबरदारी महत्त्वाची आहे. काही नेटवर्कांवर फोन बदलला, की त्या क्रमांकाच्या सुविधा आपोआप नव्या फोननुसार बदलतात. सिमकार्ड प्रचलित फोनमध्ये घातल्यावर व्होल्टे सुरू होते, आणि आपल्या फोनमध्ये परत घातल्यावर काही तास चालून पुन्हा बंद पडते, असे दिसले, तर सेवा कंपनीच्या बाजूची स्वयंचलित यंत्रणा आपले मॉडेल ओळखत नसल्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. ही निरीक्षणे वेळेसह लिहून ठेवावीत, कारण पुढे तक्रारीत याहून बळकट पुरावा दुसरा नसतो.

फोनमध्ये तपासण्याच्या गोष्टी

सर्वांत आधी नेटवर्कचा प्रकार पाहावा. इंटरनेट वेगवान राहावे म्हणून अनेकजण 'फक्त ४जी' हा पर्याय निवडतात. व्होल्टे नसलेल्या फोनवर ही निवड म्हणजे कॉलची वाट स्वतःच्या हाताने बंद करणे होय. आपल्या भागात २जी किंवा ३जी चालू असेल, तर सर्व प्रकार चालू ठेवावेत. कॉल सुरू असताना इंटरनेट मंदावेल किंवा थांबेल, आणि कॉल लागायला काही क्षण अधिक जातील, पण कॉल लागतील. व्होल्टे नीट चालणाऱ्या फोनवर मात्र उलट अनुभव येऊ शकतो: ज्या भागात २जी क्षीण आहे, तिथे फोन विनाकारण खाली उतरतो, आणि अशा वेळी 'फक्त ४जी' हीच योग्य निवड ठरते.

त्यानंतर एपीएन. अपडेटनंतर एपीएनची नोंद मूळपदावर जाणे ही या कार्यप्रणालींमधील जुनी तक्रार आहे. इतर कंपनीच्या नेटवर्कवर चालणाऱ्या लहान सेवा कंपन्यांच्या ग्राहकांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण फोन नेटवर्कची ओळख सिमकार्डावरील देश आणि नेटवर्क यांच्या संकेतांकांवरून, म्हणजे सिमकार्डातील ओळखक्रमांकाच्या पहिल्या पाच किंवा सहा अंकांवरून, करतो. लहान कंपनीचा संकेतांक मोठ्या कंपनीचाच असेल, तर फोन मोठ्या कंपनीचे प्रोफाइल उचलतो, आणि ते लहान कंपनीच्या ग्राहकाला लागू पडेलच असे नाही.

मोडेममधील प्रोफाइलचा प्रश्न सर्वांत जास्त वेळा परत येतो. मोडेममध्ये निरनिराळ्या सेवा कंपन्यांसाठी तयार प्रोफाइलांचा संच असतो आणि सिमकार्डानुसार त्यातील एक निवडले जाते. जुळणारे प्रोफाइल सापडले नाही, तर सर्वसाधारण प्रोफाइल लागते, ज्यात व्होल्टे अनेकदा बंद असते. अपडेट, पूर्ण रीसेट किंवा सिमकार्डाची अदलाबदल यांपैकी काहीही झाले, की ही निवड पुन्हा होते, आणि हाताने निवडलेले प्रोफाइल पुसले जाते. अपडेटनंतर व्होल्टे गेले आणि इतर काहीच बिघडले नाही, तर प्रथम येथेच पाहावे. सेलफिश आणि उबुंटू टचमध्ये मोडेमशी बोलण्याचे काम ओफोनो करते, तर पोस्टमार्केटओएससारख्या प्रणालींत मोडेममॅनेजर. त्यांच्या नोंदींत आयएमएसची नोंदणी मागितली गेली का, आणि ती कोणी नाकारली, हे बहुधा दिसते. मागणीच गेली नसेल तर दोष फोनमध्ये आहे. मागणी जाऊन नकार आला असेल तर सेवा कंपनीकडे आहे.

मोडेमचे फर्मवेअर, म्हणजे त्याचे स्वतःचे आतले सॉफ्टवेअर, कार्यप्रणालीच्या अपडेटने बदलतेच असे नाही, ही बाब बऱ्याच जणांना माहीत नसते. सोनीच्या फोनवर सेलफिश घालण्याआधी ॲन्ड्रॉइडची ठरावीक आवृत्ती असावी लागते, ती याचसाठी. कार्यप्रणाली नवी आणि मोडेमचे फर्मवेअर जुने अशी विजोड जोडी झाली, तर वर सांगितलेली लक्षणे दिसू शकतात, आणि मूळ ॲन्ड्रॉइड परत घालून, ते पूर्ण अद्ययावत करून, मग कार्यप्रणाली नव्याने घालणे एवढाच मार्ग उरतो. हे काम कंटाळवाणे आहे. वरची चाचणी फोनकडे बोट दाखवत असेल तरच ते हाती घ्यावे.

वाय-फाय कॉलिंग हा पर्याय अनेकजण सुचवतात, पण सेवा कंपनीचे वाय-फाय कॉलिंगही त्याच आयएमएस यंत्रणेतून चालते. फोनमधील आयएमएसच अपुरे असेल, तर व्होल्टेप्रमाणे तेही चालणार नाही. आपला क्रमांक इंटरनेटवरील कॉलसेवेच्या क्रमांकाकडे वळवणे हा उपाय मात्र उपयोगी आहे. फोन नेटवर्कबाहेर असताना कॉल वळवण्यासाठी **६२* नंतर तो क्रमांक आणि शेवटी # असे डायल करतात, *#६२# ने सध्याची स्थिती कळते आणि ##००२# ने सर्व वळवण्या रद्द होतात. आवाजाची वाटच बंद असलेल्या फोनवरून हे संकेत स्वीकारले न जाण्याची शक्यता असल्याने सिमकार्ड थोडा वेळ प्रचलित फोनमध्ये घालून ते डायल करावेत.

आपत्कालीन कॉलबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. जिथे २जी आणि ३जी उरलेले नाही आणि आपल्या फोनवर आयएमएसची नोंदणी कोणत्याही सिमकार्डावर होत नाही, तिथे हा फोन आपत्कालीन क्रमांकावर कॉल करू शकणार नाही, असेच धरावे. ते पडताळण्यासाठी खरा आपत्कालीन क्रमांक लावून पाहू नये. अशा ठिकाणी हा फोन घरातील एकमेव फोन असू नये, विशेषतः घरात वृद्ध, लहान मुले किंवा आजारी माणूस असेल तर.

सेवा कंपनीकडे तक्रार कशी मांडावी

सेवा कंपन्या नकार का देतात, हे समजून घेतल्याने राग कमी होत नाही, पण पत्र चांगले लिहिता येते. परवानगीच्या यादीत घेण्याआधी अनेक कंपन्या मॉडेलची, आणि पुष्कळदा त्याच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचीही, आपल्या नेटवर्कवर चाचणी करून घेतात; या चाचण्यांचा खर्च बहुधा फोननिर्माता उचलतो. अल्पसंख्य कार्यप्रणालीसाठी हा खर्च करणारे कोणी नसते, म्हणून ती चाचणी होत नाही, आणि चाचणी झालेली नाही म्हणून मॉडेल यादीत येत नाही. परंतु फोन ओळखण्यासाठी यंत्रणा जो आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, पाहते, त्यातील पहिले आठ अंक मॉडेलचे असतात, कार्यप्रणालीचे नव्हेत. त्यामुळे तेच मॉडेल ॲन्ड्रॉइडसह यादीत असेल, तर त्याला परवानगी आहे का, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पत्र असे लिहावे, की वाचणाऱ्याला एकाच दिशेने जाता येईल. फोनचे नेमके मॉडेल, *#०६# ने मिळणाऱ्या आयएमईआयचे पहिले आठ अंक, कॉल अयशस्वी झाल्याची तारीख आणि वेळ, त्या वेळचा परिसर, आणि वरील चाचणीचा निकाल द्यावा. मग दोनच प्रश्न विचारावेत: माझ्या क्रमांकावर व्होल्टे सुरू आहे का, आणि या आठ अंकांच्या मॉडेलला आपले नेटवर्क आयएमएसची नोंदणी देते का? 'माझा फोन चालत नाही' या तक्रारीला ठरलेली उत्तरे देऊन बोळवण करता येते. या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र पहिल्या पायरीवरील प्रतिनिधीला तांत्रिक विभागाकडे विचारल्याशिवाय देता येत नाहीत. पत्राची सुरुवात कार्यप्रणालीच्या नावाने करू नये. ते लपवायचे नाही, विचारले तर स्पष्ट सांगायचे. परंतु अपरिचित नाव पहिल्याच ओळीत आले, की समोरचा माणूस पुढे वाचतच नाही, आणि नोंदणी नाकारली जाण्याचे कारण तर अजून कोणी पाहिलेलेही नसते.

तोंडी उत्तरावर थांबू नये. तक्रार क्रमांक घ्यावा आणि लेखी उत्तर मागावे. 'आम्ही या मॉडेलला परवानगी देत नाही' असे लेखी मिळाले, तर तेही उपयोगी आहे: त्या आधारे नियामकाकडे जाता येते किंवा सेवा कंपनी बदलण्याचा निर्णय घेता येतो. दुसऱ्या फोनचा आयएमईआय आपल्या फोनमध्ये घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो पाळू नये. अनेक देशांत तो गुन्हा आहे.

ॲप का नाकारतात आणि कोणते नकार टाळता येतात

ॲन्ड्रॉइडची ॲप या कार्यप्रणालींवर स्वतंत्र कप्प्यात चालतात. सेलफिशवर हे काम ॲपसपोर्ट करते, उबुंटू टच आणि इतर लिनक्स प्रणालींवर वेड्रॉइड. ॲप बंद पडल्यावर सगळा दोष या कप्प्याच्या माथी मारला जातो, पण कारणे निरनिराळी असतात आणि त्यांतील काहींवर खात्रीचा उपाय आहे.

सूचना न येणे किंवा फार उशिरा येणे, हे गूगलच्या सेवा नसल्याचे लक्षण आहे. बहुतेक ॲप सूचना पोहोचवण्यासाठी त्यांवर विसंबतात. मायक्रोजी हा खुला पर्याय घातल्यास पुष्कळ ॲप सुरळीत होतात. सिग्नल हे संदेशांचे ॲप तर गूगलच्या सेवा नसतील तेव्हा आपल्या सर्व्हरशी थेट जोडणी ठेवते आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून ॲप उतरवूनही देते. गूगलच्या सेवांशिवाय सूचना पोहोचवताच येत नाहीत, असे एखाद्या डेव्हलपरने सांगितल्यास हे उदाहरण जरूर पुढे ठेवावे. सूचना येत असूनही थांबून येत असतील, तर कार्यप्रणाली बॅटरी वाचवण्यासाठी कप्पा झोपवते आहे का, ते तपासावे.

नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर अडकणारी ॲप वेगळी. काही ॲप सिमकार्डाची खात्री करण्यासाठी फोनवरून स्वतः संदेश पाठवतात. वेड्रॉइडच्या कप्प्याला सिमकार्ड दिसतच नाही, त्यामुळे ही पायरी तेथे पूर्ण होऊ शकत नाही, आणि कितीही वेळा ॲप काढून पुन्हा घातले तरी निकाल बदलत नाही. ब्लूटूथ किंवा एनएफसी लागणाऱ्या ॲपचेही बहुधा असेच होते.

उघडताक्षणी 'असुरक्षित उपकरण' म्हणणारे ॲप सहसा प्ले इंटिग्रिटीचा निकाल पाहत असते. ही गूगलची सेवा फोन प्रमाणित ॲन्ड्रॉइडवर चालतो आहे का, ते सांगते. डेव्हलपरने कडक स्तराचा निकाल मागितला असेल, तर ॲपसपोर्ट असो, वेड्रॉइड असो, तो निकाल मिळणार नाही. तो चुकवण्यासाठी फिरणाऱ्या युक्त्या काही दिवस चालतात आणि मग बंद पडतात. ज्या खात्यात आपले पैसे आहेत, त्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. या तपासणीला सुरक्षिततेचे नाव दिले जाते, पण वर्षानुवर्षे सुरक्षा अपडेट न मिळालेला प्रमाणित फोन तिच्या काही स्तरांवर उत्तीर्ण होतो आणि कालच अद्ययावत केलेली खुली कार्यप्रणाली अनुत्तीर्ण होते. ज्या डेव्हलपरांनी हा निकाल एकमेव कसोटी मानली आहे, त्यांनी आपल्या निर्णयाचा पुन्हा विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

अशा ॲपच्या जागी बँकेचे संकेतस्थळ वापरावे, आणि दुसऱ्या पायरीच्या ओळखीसाठी ॲपमधील मंजुरीऐवजी दर तीस सेकंदांनी बदलणारा संकेत किंवा सुरक्षा किल्ली (ओळख पटवणारे छोटे उपकरण) मागावी. वेळेवर आधारित संकेत कोणत्याही खुल्या ॲपमध्ये तयार होतात, त्यांना गूगलच्या सेवांची गरज नसते. व्हॉट्सॲपचे खाते जोडलेल्या उपकरणावरून वापरता येते, पण मूळ खाते ॲन्ड्रॉइड किंवा आयफोनवरच लागते, आणि तो मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरलाच नाही, तर जोडलेली उपकरणे बाहेर काढली जातात. जुना फोन या कामासाठी ठेवला असेल, तर तो अधूनमधून चालू करण्याची आठवण लावून ठेवावी. 'व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडते' या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे.

डेव्हलपरकडे काय मागावे

'आमच्या कार्यप्रणालीसाठी स्वतंत्र ॲप करा' ही मागणी न्याय्य असली, तरी ती मान्य होणे दुर्मीळ आहे. विंडोज फोनमागे मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी उभी असतानाही डेव्हलपर तेथे टिकले नाहीत. व्हॉट्सॲपने २०१९ च्या अखेरीस त्या फोनांवरील आपले ॲप बंद केले. लहान गटांनी सांभाळलेल्या कार्यप्रणालीला त्याहून अधिक मिळेल, अशी अपेक्षा धरून वर्षे घालवू नयेत.

त्याऐवजी अशा गोष्टी मागाव्यात, ज्या देण्यासाठी डेव्हलपरला वेगळे ॲप सांभाळावे लागत नाही: संकेतस्थळावर ॲपइतक्याच सुविधा राहू द्या, ॲप गूगलच्या दुकानाबाहेरूनही उतरवता येऊ द्या, गूगलच्या सेवा नसतील तर ॲप बंद न करता सूचनांविना चालू द्या, उपकरणाची खात्री करायचीच असेल तर ती ॲन्ड्रॉइडमध्येच असलेल्या हार्डवेअरवरील किल्लीच्या प्रमाणनाने करा, कारण त्यात पर्यायी कार्यप्रणालींच्या किल्ल्या मान्य करण्याची सोय आहे. शेवटच्या मागणीचा लाभ ग्राफीनओएससारख्या ॲन्ड्रॉइडवर आधारलेल्या कार्यप्रणालींना होतो, कप्प्यात ॲप चालवणाऱ्या लिनक्स प्रणालींना नाही. हा फरक पत्रात झाकू नये, अन्यथा तांत्रिक माणूस पत्र तेथेच बाजूला ठेवेल. प्रत्येक पत्रात एकच मागणी असावी आणि सोबत ॲपची आवृत्ती, कप्प्यातील ॲन्ड्रॉइडची आवृत्ती आणि बंद पडतानाची नोंद जोडावी.

पुढच्या अपडेटपूर्वी

अडचण परत येऊ नये यासाठी अपडेटआधी मोडेमच्या फर्मवेअरची आवृत्ती, चालू असलेल्या प्रोफाइलचे नाव, एपीएनच्या सर्व नोंदी आणि आयएमएसची नोंदणी झालेली असल्याची स्थिती लिहून किंवा पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावी. कप्प्यातील ॲपची, विशेषतः संकेत तयार करणाऱ्या ॲपमधील किल्ल्यांची, प्रत दुसरीकडे घ्यावी. अपडेट सुट्टीच्या आदल्या रात्री करू नये. ग्राहकसेवा आणि तांत्रिक विभाग दोन्ही चालू असतील अशा दिवशी सकाळी करावे. अपडेट झाल्यावर लगेच एक कॉल करून, एक घेऊन आणि एक संदेश पाठवून पाहावा, आणि काही बिघडले तर सेटिंग बदलू लागण्याआधी चारही नोंदी आधीच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. ज्या नोंदीत फरक दिसेल, तेथूनच शोध सुरू करावा. चारांपैकी आयएमएसची स्थिती तेवढी बदलली असेल, तर फोन तसाच ठेवून आधी सेवा कंपनीला ते दोन प्रश्न पाठवावेत.